बांध म्हणजे तुमची पायवाट नाही



पावसाळ्यात देवकुंडला बंदीचा हुकूम निघतो. मग दादर, परळ, लालबागची पोरं चोरवाटेनं धबधब्याकडं जातात. ती चोरवाट म्हणजे आमचे बांध.

परवा रविवारी माझ्या खाचराचा बांध दोन जागी फुटला. लावणी होऊन आठच दिवस झालेले. नव्या लावणीला बुडाशी दोन बोटं पाणी ठरावं लागतं. ते रातोरात गेलं, सोबत टाकलेला युरियाही गेला. बोललो तर एकजण म्हणतो, "काका, मातीच तर आहे, परत घाला." अरे बाबा, भिजलेल्या बांधावर एक माणूस चालतो, चाळीस नाही.

भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून मुंबईला वीज देतंय. त्या पाण्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातली किती माणसं राबली! तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आज्यानं असेच बांध घातलेत.

धबधबा बघू नका असं म्हणत नाही. गणपती उरकून या. तोवर भात सावरतं, ओढ्यांचा जोर उतरतो, देवकुंड पडतच असतं. गावातला वाटाड्या घ्या, पैशाला घासाघीस करू नका. दरीत पाणी अचानक चढतं, ते त्याला आधी कळतं.

ज्यांची खाचरं वाटेवर आहेत त्यांनी फुटलेल्या बांधाचे फोटो काढून ठेवा. येत्या ग्रामसभेत मांडू. नुसत्या शिव्या घालून बांध सांधत नाही.