ओसरीवरून : परगावची पंगत

एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "आम्ही शाळेपासूनचे सहा मित्र शनिवार-रविवार मुंबईस जाणार आहोत. उतरण्याची सोय झाली, पाहावयाची स्थळेही ठरली. परंतु जेवावयाचे कोठे, या एका प्रश्नावर चार दिवस वाद चालला आहे. आपण चार चांगली उपाहारगृहे सुचवावीत." पत्र लहान आहे; प्रश्न मात्र दिसतो तितका लहान नाही. नावे सांगून मोकळे होणे सोपे आहे, आणि काही नावे मी पुढे सांगणारही आहे. परंतु चवीने निवडलेल्या ठिकाणी मैत्रीस ओरखडा उमटतो, आणि साध्या खानावळीत घेतलेला घास वीस वर्षे आठवतो, हे पाहिलेले असल्यामुळे नावांच्या आधी कसोटीविषयी लिहितो.

अमरकोशात एकत्र भोजनास 'सग्धि' आणि एकत्र पानास 'सपीति' असे स्वतंत्र शब्द दिले आहेत. एकत्र खाण्यापिण्याच्या क्रियेस वेगळे नाव द्यावे असे आपल्या पूर्वजांस वाटले, यावरून तिचे महत्त्व ध्यानात यावे. आणि या सग्धीला बाधक होणाऱ्या दोषासही आपल्या भाषेत नाव आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार, दुसऱ्याच्या पानावर नुसता थेंब, असे वाढणे म्हणजे पंक्तिप्रपंच. घरात आजीबाई या बाबतीत फार दक्ष असत. लाडका नातू असो की वाटेवरचा याचक असो, एकदा पंगतीस बसला की त्याच्या पानावर तेच पडले पाहिजे, असा त्यांचा दंडक. मित्रांनी परगावी जेवणाचे स्थळ निवडताना हाच दंडक लावावा, एवढेच माझे सांगणे आहे.

घराबाहेर जेवणे ही गोष्ट आपल्या समाजात फार जुनी नाही. प्रवासास निघणारा दशम्या आणि चटणीची शिदोरी बांधून निघे, आणि नातलगाच्या घरी पाने मांडली जात. परक्याच्या हातचे घेणे हे पातक होते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हाती धरला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात होती. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, प्रायश्चित्तांची चर्चा वर्षानुवर्षे चालली. एका पेलाभर चहासाठी एवढे रामायण! आज सहा मित्र कोणत्या हॉटेलात बसावे यावर हसत-खेळत भांडतात, ते त्या काळाच्या पार्श्वभूमीवर पाहावे.

मुंबईने हे बंध इतरांच्या आधी सैल केले, कारण तेथे पोटापाण्यास गेलेल्या एकट्या पुरुषांस घरचे अन्न मिळणे अशक्य होते. दादरला १९१० साली मामा काणे यांनी उपाहारगृह काढले, त्याच्या नावातच 'स्वच्छ' हा शब्द घातला. बाहेरच्या अन्नाविषयी मध्यमवर्गाच्या मनात जी शंका होती, तिला पाटीवरच उत्तर दिले. तिकडे गिरणगावात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे कामगार एकेका खोलीत दाटीने राहत आणि चाळीतल्या बायकांच्या खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवत. आमचा शिराळ्याचा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, आणि या डोंगरकपारीतील असंख्य घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटत होती. शेजारच्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९३१ च्या सुमारास वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस गेले, ते याच वाटेने. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांस संघटित करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिले, तेव्हा त्यांच्या श्रमास प्रथमच बँकेच्या दारात पत मिळाली.

तथापि, या सर्व काळात प्रत्येकास प्रत्येक दारात प्रवेश होताच असे नाही. अमक्यांसाठी निराळी कपबशी, तमक्यांनी बाहेर बसावे, असे प्रकार गावोगावी चालत. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि तिच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. घटना लिहिणाऱ्यांनी उपाहारगृहाचा नामनिर्देश करावा, यात मोठे मर्म आहे. निरनिराळ्या आळ्यांतील सहा वर्गमित्र आज एका टेबलाशी निर्वेध बसतात, तो हक्क केवळ पाऊणशे वर्षांचा आहे. कायद्याने दाराशी होणारा पंक्तिभेद मिटविला. टेबलावरचा मिटविणे आपल्याकडेच राहिले.

टेबलावरचा पंक्तिभेद पहिल्याने पैशांतून येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही निवृत्त शिक्षक असेच एका मोठ्या शहरी गेलो होतो. एका मित्राच्या मुलाने मोठ्या कौतुकाने एका नामांकित हॉटेलाचे नाव सुचविले होते. मेनूकार्ड हाती आले. आमच्यातील एकाने ते उघडले, उजव्या बाजूच्या आकड्यांवरून नजर खाली नेली आणि शांतपणे मिटून ठेवले. "मला आज भूक नाही, चहा घेईन," असे ते म्हणाले. सकाळपासून तो मनुष्य आमच्याबरोबर चालत होता. पाच जणांनी त्याच्यासमोर पनीर आणि पुलाव खाल्ला. कोणी आग्रह केला, पण आग्रहानेच त्याचा संकोच वाढला. पुढल्या वर्षी सहलीचे ठरले तेव्हा त्यांनी "घरी पाहुणे आहेत" असे कळविले. त्यांच्याकडे पाहुणे नव्हते, हे आम्हा सर्वांस ठाऊक होते.

म्हणून पहिला नियम असा : निघण्यापूर्वी एकाने प्रत्येकाशी एकट्याने बोलावे आणि दोन दिवसांच्या जेवणाखाणास किती खर्च सोसेल हे विचारावे. चौघांत विचारू नये. चौघांत मनुष्य खरे बोलत नाही. जो आकडा सर्वांत लहान येईल तोच सर्वांचा आकडा समजावा, आणि तो कोणाचा हे विचारणाऱ्याने पोटात ठेवावे. तेवढी वर्गणी आधी गोळा करून एका पिशवीतून सर्व बिले द्यावीत. सधन मित्राने "आजचे माझ्याकडे" म्हणण्याचा मोह आवरावा. एखादे वेळी आइस्क्रीम त्याने द्यावे. परंतु प्रत्येक जेवण जो देतो तो यजमान होतो आणि बाकीचे पाहुणे होतात, मग मित्र कोणीच उरत नाही.

या दृष्टीने एकदराची थाळी ही मोठी सोयीची गोष्ट आहे. तेथे मागणी नाही, निवड नाही, उजव्या बाजूचे आकडे नाहीत. वाढपी येतो आणि सर्वांच्या पानावर तेच वाढतो. काळबादेवीच्या गल्लीत १९४५ पासून चालत आलेले ठाकर भोजनालय गुजराती थाळीसाठी प्रसिद्ध आहे. माटुंग्यास रामा नायक यांनी १९४२ साली काढलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात केळीच्या पानावर भात, सांबार, रसम् वाढतात. पानावर बसल्याबरोबर निवृत्त अधिकारी आणि निवृत्त शिपाई यांतला भेद नाहीसा होतो. आपल्या लग्नातल्या पंगतीचे हे शहरी रूपच होय.

दुसरा पंक्तिभेद आहारातून येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत; पण ते मनुष्याने स्वतःच्या पानावर लावावयाचे आहेत, शेजाऱ्याच्या पानावर नव्हे. सहांत एक शुद्ध शाकाहारी असेल तर पाच जणांनी मांसाहाराच्या खानावळीत जाऊन त्यास दही-भातावर बसविणे जितके अनुचित, तितकेच एकाच्या सोवळ्यासाठी पाच जणांनी दोन्ही दिवस मन मारणे अनुचित. यास मुंबईत तोड आहे. इराणच्या यझ्द, कर्मान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री मंडळींनी काढलेल्या हॉटेलांत एका टेबलावर एकाचा खिमा आणि दुसऱ्याचा ब्रून-मस्का सुखाने नांदतात. धोबीतलावाचे कयानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. ब्रिटानियाचा आंबटगोड बेरी-पुलाव मांसाचा मिळतो, तसा भाज्यांचाही मिळतो. उरलेली जेवणे शाकाहारी ठेवावीत, म्हणजे कोणाचीच कुचंबणा होत नाही.

याच सदरात प्रकृतीचा विचार येतो. साठीच्या मंडळींत एखाद्यास मधुमेह, एखाद्यास रक्तदाब असतोच. गोळी जेवणाआधी घ्यावयाची असेल तर जेवण वेळेवर मिळणे हा चवीपेक्षा मोठा गुण ठरतो. गुडघे दुखणाऱ्यासाठी आधी दूरध्वनी करून जिना आहे काय हे विचारावे, कारण जुनी भोजनगृहे बहुधा वरच्या मजल्यावर असतात. त्याच फोनवर सुटीचा वार विचारून घ्यावा. कोणाचा शनिवारचा उपवास असेल तर दादरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष आहे. त्या वेळी सर्वांनीच तेथे जावे. उपवास करणाऱ्यास एकट्यास केळी घेऊन बसविणे, हाही पंक्तिप्रपंचच.

तिसरा भेद थकव्यातून येतो, आणि त्याचे मूळ कीर्तीच्या मागे धावण्यात असते. शनिवार सकाळपासून रविवार सायंकाळपर्यंत जेवणे मोजकी तीन आणि न्याहाऱ्या दोन. तेवढ्यासाठी मोबाइलवरील तारे मोजून अंधेरीस एक, कुलाब्यास दुसरे अशी यादी केली तर दिवस लोकलमध्ये जातो, आणि सर्वांत अशक्त माणूस आधी दमतो व सर्वांच्या आनंदावर विरजण घातल्याचे ओझे मनावर घेतो. पाहावयाच्या स्थळाजवळच जेवावे. पहिला दिवस फोर्ट आणि गिरगावकडे काढणाऱ्याने सकाळी कयानी, दुपारी ठाकर आणि सायंकाळी चौपाटीची भेळ असा बेत करावा. दुसरा दिवस दादर-माटुंग्यास द्यावा. तेथे आस्वाद या १९८६ पासूनच्या उपाहारगृहाच्या मिसळीस २०१५ साली लंडनच्या एका संस्थेने जगातील सर्वांत रुचकर शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविले. रविवारी बाहेर रांग असते; अकराच्या आत पोहोचणारा उन्हात उभा राहत नाही. मोबाइलवरील अभिप्राय वाचावयाचेच तर स्तुती सोडून तक्रारी वाचाव्यात. अन्न शिळे, पाणी गढूळ, अशी तक्रार वारंवार आढळली तर ते स्थळ टाळावे. दिवे मंद होते, अशा तक्रारीकडे दुर्लक्ष करावे.

बिलाविषयी दोन शब्द. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक आहे. तो पाहण्याची सवय लावावी. 'सेवा शुल्क' म्हणून रक्कम आपोआप बिलात जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजाविले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते ग्राह्य धरले. तशी रक्कम दिसली तर शांतपणे काढावयास सांगावे. मात्र वाढणाऱ्याच्या हातावर स्वखुशीने काही ठेवण्यास विसरू नये. पंगतीत वाढणाराही पंगतीचाच असतो.

येथवर लिहिले ते पुरुषमंडळींस अनुलक्षून झाले असे कोणास वाटेल. परंतु माझ्या डोळ्यांसमोर एकत्र कुटुंबातील सुना, जावा आणि वयस्क सासवाही आहेत. पंचवीस माणसांच्या घरात आधी वाढून मागून जेवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, ताकाचे भांडे रिकामे झाल्यावर ज्यांचे पान मांडले गेले, त्यांनी आपल्या शाळकरी मैत्रिणींबरोबर दोन दिवस शहरी जाऊन दुसऱ्याने वाढलेले गरम जेवण जेवावे, यात चैन कसली? घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो बेत स्वतः होऊन सुचवावा, आणि त्या दोन दिवसांत चूल कोण पाहणार हा प्रश्न त्यांच्यासमोर काढू नये. आजवर त्यांनी पंक्तिप्रपंच होऊ दिला नाही. त्यांच्या स्वतःच्या पानाशी मात्र तो रोज घडत आला.

पत्रलेखक महाशयांस शेवटचे सांगणे : पाच खाण्यांपैकी चार ठरवा, एक मोकळे ठेवा. रविवारी सायंकाळी परतीच्या गाडीआधी पाय नेतील तेथे जा. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली ज्या वडापावाची गाडी लावली असे सांगतात, तो आज कोठेही मिळतो. उभ्याउभ्या खाता येतो आणि त्यात कोणाचा आकडा कोणाहून मोठा नसतो. सहाही जण पोटभर जेवले आणि पुढल्या वर्षी सहाही जण निघाले, तर स्थळे उत्तम निवडली असे समजावे. पुढील वर्षी सहलीहून आल्यावर पत्र पाठवावे. किती जण गेलात तेवढे अवश्य कळवावे.