जामिनाची किंमत आणि जातीचा हिशेब

कोणताही न्यायाधीश आपल्या आदेशात असे लिहीत नाही की, आरोपी अमुक जातीचा आहे म्हणून मी त्याला जड जामीन लावतो. अमेरिकेतला न्यायाधीशही आरोपी काळा आहे म्हणून रक्कम वाढवली, असे कागदावर येऊ देत नाही. मग न्यायालयातला भेदभाव सिद्ध करायचा कसा? आपण निषेध करतो, मोर्चे काढतो, निवेदने देतो. समोरचा शांतपणे म्हणतो, पुरावा दाखवा. असा पुरावा कसा उभा करायचा याचा एक धडा येल विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक इयान आयर्स यांनी घालून दिला आहे. आंबेडकरी चळवळीतल्या वकिलांनी तो नीट समजून घेतला पाहिजे.

आयर्स कायद्याचेही अभ्यासक आणि अर्थशास्त्राचेही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी त्यांनी शिकागोच्या मोटार विक्रेत्यांकडे गोरे-काळे, स्त्री-पुरुष असे ग्राहक पाठवले. सगळ्यांनी एकाच पढवलेल्या पद्धतीने घासाघीस केली. गोऱ्या पुरुषाकडून विक्रेत्याने जेवढा नफा मागितला, त्याच्या दुपटीहून अधिक काळ्या पुरुषाकडून आणि तिपटीहून अधिक काळ्या स्त्रीकडून मागितला. पण वकील म्हणून मला त्यांचे दुसरे संशोधन जास्त मोलाचे वाटते. अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांच्याबरोबर केलेले ते काम १९९४ साली प्रसिद्ध झाले. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात कोणाला किती रकमेचा जामीन लागतो, हे त्यांनी तपासले. गुन्ह्याचे स्वरूप आणि इतर बाबी हिशेबात धरूनही काळ्या पुरुष आरोपींना गोऱ्यांपेक्षा ३५ टक्के अधिक रकमेचा जामीन लावला गेला होता.

यावर न्यायाधीशाचा बचाव तयार असतो. तो म्हणेल, हा आरोपी पळून जाण्याची शक्यता जास्त होती, ती तुमच्या आकड्यांत दिसत नाही, मला समोर दिसली. हा बचाव खोडणे अवघड. आयर्स यांनी तो बाजाराकडून खोडून घेतला. अमेरिकेत जामीन भरणारे धंदेवाईक असतात. आरोपीकडून फी घेऊन ते न्यायालयाला हमी देतात आणि आरोपी पळाला तर पैसे त्यांच्या खिशातून जातात. हा माणूस काही समाजसुधारक नव्हे. ज्याच्या पळण्याची भीती जास्त, त्याच्याकडून तो जास्त दर घेणार. प्रत्यक्षात काय दिसले? शंभर डॉलरच्या हमीमागे काळ्या आरोपींकडून घेतलेला दर गोऱ्यांपेक्षा कमी होता. म्हणजे ज्याचे पैसे पणाला लागले होते, त्याला काळा आरोपी अधिक धोक्याचा वाटत नव्हता. धोका होता त्यापेक्षा जास्त रक्कम न्यायाधीशाने मागितली होती.

कायदा आणि अर्थशास्त्र यांची सांगड घालणारी ही शाखा मुख्यतः शिकागोच्या बाजारवादी पंडितांनी वाढवली. बाजार मोकळा सोडा, भेदभाव आपोआप गळून पडेल, असे त्यातले अनेक जण सांगत आले. ते आपल्याला मान्य होणे शक्य नाही. पण हत्यार कोणाच्या कारखान्यात घडले यावरून ते टाकून द्यायचे नसते.

आकडे दिले की न्याय मिळतो, अशा भ्रमातही राहू नये. जॉर्जिया राज्यात गोऱ्याच्या खुनाबद्दल फाशी होण्याची शक्यता काळ्याच्या खुनापेक्षा ४.३ पट असल्याचे डेव्हिड बाल्डस या कायद्याच्याच प्राध्यापकाने दाखवून दिले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मॅक्लेस्की खटल्यात ते आकडे खरे धरले आणि तरीही पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले की, याच आरोपीशी हेतुपुरस्सर भेदभाव झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. १९९१ साली मॅक्लेस्कीला विजेच्या खुर्चीत बसवले.

आता आपल्याकडे पाहू. २०२२ च्या सरकारी अहवालानुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. त्यात अनुसूचित जातींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे. पण आयर्स यांची कसोटी इथे जशीच्या तशी लावता येत नाही. आपल्याकडे पैसे घेऊन जामीन राहणे कायद्याला मान्य नाही. कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार उभे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यांचा दर काय आणि आरोपी पाहून तो बदलतो काय, याची नोंद कुठेही नाही, कारण तो धंदाच चोरीचा.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. आदेशात पंधरा हजारांचा जामीन सर्वांना सारखाच लिहिलेला असतो. पण जामीनदाराला सातबारा मागतात, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. ज्याचे सगळे गणगोत गायरानावर राहते, त्याने सातबारा कुठून आणायचा? १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडवले. (यातला 'जात' म्हणजे स्वतः, हे अशिलाला समजावून सांगावे लागते. आधी तो दचकतोच.) तो निकाल आजही आम्ही खालच्या कोर्टात वाचून दाखवतो आणि आजही सातबारा मागितला जातो.

म्हणून आपल्याकडे मोजायची गोष्ट रक्कम नव्हे, दिवस. जामीन मंजूर झाल्यापासून तुरुंगाचा दरवाजा उघडेपर्यंत किती दिवस गेले? ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, जामिनाची तारीख तुरुंगाच्या संगणक प्रणालीत नोंदवावी आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. म्हणजे मंजुरीची तारीख नोंदवणे बंधनकारक आहे, सुटकेची तारीख तुरुंगाकडे असतेच आणि कैद्यांचा सामाजिक प्रवर्ग सरकारच दरवर्षी छापते. या तीन गोष्टी एकमेकींशेजारी मांडण्याचे काम तेवढे करायचे आहे.

विरोधक म्हणतील, हा जातीचा नव्हे, गरिबीचा प्रश्न आहे. म्हणू द्या. सारखे कलम आणि सारखी रक्कम असलेल्या आरोपींचीच तुलना करू. तरीही फरक गरिबीचाच निघाला, तर मंजूर झालेले स्वातंत्र्य जमिनीअभावी अडवून ठेवणे घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये कसे बसते, याचे उत्तर द्यावे लागेल. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे बदललेले नोकरीचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांशच निघाली. खासगी क्षेत्रात गुणवत्ताच पाहतात, असे सांगणाऱ्यांना त्यानंतर तोंड लपवावे लागले. बाबासाहेबही १९२८ साली सायमन कमिशनला निवेदन देताना मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाचे आकडे मांडूनच बोलले होते.

वकील बांधवांनी आपापल्या जिल्हा कारागृहाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. नावे मागू नयेत, खासगी माहितीचे कारण सांगून अर्ज फेटाळतील. आदेशाची तारीख, कलम, रक्कम, प्रवर्ग आणि सुटकेची तारीख एवढेच मागावे, तेही एका वर्षापुरते. फार मोठी माहिती मागितली अशी सबब मग सांगता येणार नाही.