सुपारीला माफी कशासाठी?

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा विषय निघाला की हल्ली विषाणूचं नाव हमखास येतं. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या विषाणूमुळे होतात, आणि ते सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होतात. तिकडची बातमी मोबाइलवरून इकडे येते आणि जळगाव-धुळ्यातला वाचक विचारतो, की मग व्यसन सोडून तरी काय उपयोग? शंका गैर नाही. पण खानदेशापुरतं तिचं उत्तर अगदी सरळ आहे. आपल्याकडे हा रोग मुख्यतः गालाच्या आत, हिरडीच्या कडेला आणि जिभेच्या बाजूला होतो, कारण बार तिथेच भरून ठेवला जातो. त्या बारातल्या तंबाखूला आपण निदान नावं तरी ठेवतो. तिच्या जोडीला बसलेली सुपारी मात्र निर्दोष सुटते. ही माफी आता संपायला हवी, कारण आपल्या भागाचं दुखणं तिला वगळून समजतच नाही.

विषाणूचा दोष नाकारण्याचं कारण नाही. तो किती आणि कुठे, एवढंच पाहायचं. २९ देशांतल्या रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घशाच्या मागच्या भागातल्या गाठींपैकी साधारण पाचवा हिस्सा एचपीव्हीचा निघाला. तोंडाच्या पोकळीतल्या गाठींमध्ये तोच वाटा शंभरात चार-पाचांच्या पुढे गेला नाही. म्हणजे हा विषाणू टॉन्सिलचा. गालाशी त्याचा संबंध थोडा. नाकामागच्या घशाच्या कर्करोगात एपस्टाइन-बार हा दुसरा विषाणू महत्त्वाचा ठरतो, पण आपल्या देशात त्या रोगाचं ठाणं ईशान्येकडे, नागालँडच्या बाजूला आहे. एचपीव्हीची लस मुलींना जरूर द्यावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध ती मोठं शस्त्र आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हावॅक’ काढल्यापासून देशी लसही मिळू लागली आहे. मात्र लस टोचून घेतली म्हणून खिशातली पुडी निरुपद्रवी होत नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत झाली तर फायदा पुडीवाल्याचाच.

आता सुपारीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ सालीच निष्कर्ष काढला, की तंबाखू न घातलेलं पानसुद्धा माणसाला कर्करोग करतं आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. दोन्ही पहिल्या गटात बसवलेली आहेत, म्हणजे तंबाखू आणि दारूच्या रांगेत. त्याच संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त मांडलेला हिशेब असा: २०२२ साली जगात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ८९ हजार ८०० नवे रुग्ण झाले, त्यातल्या १ लाख २० हजार २०० जणांचा रोग धूरविरहित तंबाखू किंवा सुपारीमुळे होता. या टाळता येण्याजोग्या रुग्णांपैकी ८३ हजार ४०० एकट्या भारतातले. जगातल्या दर दहांतले जवळजवळ सात आपले. इतका मोठा वाटा आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या रोगाचा असता, तर त्यावर विधिमंडळात रान उठलं असतं.

सुपारी नेमकं काय करते हे दंतवैद्याच्या खुर्चीत रोज दिसतं. सुरुवात जळजळीने होते. कालपर्यंत आवडीने खाल्लेली शेवभाजी किंवा भाकरीबरोबरचा ठेचा तोंडाला लावला की आग होते, आणि माणूस समजतो उष्णता वाढली. मग गालाच्या आतली त्वचा पांढुरकी पडते, बोटाने चाचपली तर आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे तंतुमय ऊती वाढत जाते आणि सुपारीत भरपूर असलेलं तांबं ती घट्ट करतं. उभी तीन बोटं सहज मावायची तिथे दोन मावतात, पुढे एकच. पाणीपुरी आत जात नाही, शिट्टी वाजत नाही, जीभ बाहेर निघत नाही. ‘सबम्युकस फायब्रोसिस’ नावाच्या या विकाराचं वर्णन मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. जोशी यांनी १९५३ मध्येच करून ठेवलं होतं. आखडलेलं तोंड पुन्हा पूर्ववत होणं जवळपास अशक्य, आणि पुढचा धोका वेगळाच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविभागाने केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या पाच जणांना कर्करोग झाला. पूर्वी हा विकार कमी दिसायचा. १९७०च्या दशकात तयार पानमसाला बाजारात आला आणि पुढे हा विकार विशी-पंचविशीतल्या पोरांमध्ये दिसू लागला.

याचा अर्थ तंबाखू सुटली असा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या आहारी गेलेले आढळले, आणि त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा प्रकार खाण्याचा, चघळण्याचा, दातांना लावण्याचा. बायकांची मिश्री याच हिशेबात येते, जिला घरात व्यसन म्हणायचीही पद्धत नाही. दारूची भर पडली की धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. सातपुड्याच्या पायथ्याची मोहाची असो की शहरातली बाटलीबंद, तोंडाच्या आतल्या त्वचेला फरक कळत नाही.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, पुढे सुगंधित सुपारीही तीत आली, आणि आदेश वर्षावर्षाला वाढवला जातो. धुळे-जळगावकरांना या बंदीचं काय झालं ते सांगायला नको. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरच्या पुढे मध्य प्रदेश सुरू होतो, रावेर-मुक्ताईनगरच्या पलीकडे बऱ्हाणपूर आहे. गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी इथे वाचकाला नवी वाटत नाही. गंमत म्हणजे सध्याच्या अन्नसुरक्षा नियमांखाली गुटखाबंदी देशात सगळ्यात आधी केली ती मध्य प्रदेशानेच. मग माल येतो कुठून? तर कायद्याच्या फटीतून. तिथे बंदी आहे ती तंबाखू मिसळलेल्या खाद्यपदार्थावर. म्हणून पानमसाला एका पुडीत आणि जर्दा दुसऱ्या पुडीत, दोन्ही एकाच वेळी हातात. गिऱ्हाईक तळहातावर मिसळून तोंडात टाकतं. शेजारी राज्यात नुसता पानमसाला कायदेशीर असल्याने तो सीमा ओलांडेपर्यंत निर्दोषच असतो. सुपारीला माफ केल्याची किंमत ती ही. शेजारी राज्यं तंबाखूचा पाठलाग करत राहिली, आणि गुटख्याचा मुख्य घटक खुलेआम राहिला. ‘बंदी असूनही मिळतं, मग बंदीच काढा’ हा युक्तिवाद म्हणून पटत नाही. अर्ध्या मालावर घातलेली बंदी अर्धीच चालणार.

सुपारी शुभ आहे, तिला बदनाम करू नका, असं कुणी म्हणेल. पूजेत गणपती म्हणून मांडलेल्या सुपारीने आजवर कुणाचा गाल आखडलेला नाही. ती पूजेनंतर कुणी दिवसभर चघळत बसत नाही. दुसरा आक्षेप आजोबांचा: ते आयुष्यभर पान खाऊन नव्वदीपर्यंत जगले. जगले ते आठवतात, पन्नाशीत गेले त्यांची उदाहरणं कुणी देत नाही. शिवाय जेवणानंतरचं पान आणि केळीच्या गाड्या भरताना, दालमिलच्या रात्रपाळीत किंवा यंत्रमागावर भूक आणि झोप मारायला तासातासाला फाडलेली पुडी यांची मात्रा एक नाही. तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. टपरीवाल्याचा खरा नफा पुडीत असतो. पण शेतकऱ्याची ढाल मात्र इथे पुढे करता येणार नाही: सुपारी कोकणात, कर्नाटकात, केरळात पिकते, खानदेशाचं पीक केळी आणि कापूस आहे. टपरीवाल्याला दुसऱ्या मालासाठी कर्ज आणि जागा देणं महापालिकेला जमण्यासारखं आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा पाळून घेणं तर तिचं आणि पोलिसांचं कामच आहे.

राहिला प्रश्न आज ज्यांच्या तोंडात रोग सुरू झाला आहे त्यांचा. केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंडं तपासली, एवढंच. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ मध्ये सिद्ध झालं. त्याला ना महाग यंत्र लागलं, ना मोठं रुग्णालय. आपल्याकडे तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात कागदोपत्री आहेच, आशाताईंच्या फॉर्ममध्ये तोंड उघडायला त्रास होतो का हा प्रश्नही आहे. उणीव आहे ती सुपारीचा वेगळा प्रश्न विचारण्याची आणि तोंड खरोखर उघडून बघण्याची. मोजदादही हवी. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी यांचे आकडे आहेत. जळगाव आणि धुळ्याचे नाहीत. दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांनी मिळून खानदेशाची नोंदणी सुरू करावी आणि रुग्णाच्या व्यसनाच्या रकान्यात तंबाखू, दारू यांच्याबरोबर सुपारी हा शब्द स्वतंत्र छापून घ्यावा. वाचकांनी तोवर आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं तोंडात उभी मावतात का ते बघावं. मावत नसतील तर याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.