न्यूट्रॉन कोणाला दिसला?

जेम्स चॅडविक यांना १९३५ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक न्यूट्रॉनच्या शोधासाठी मिळाले. पाठ्यपुस्तकात हा विषय एका ओळीत आटोपतो आणि परीक्षेपुरते तेवढे भागतेही. परंतु हा कण चॅडविक यांच्याआधी दोन प्रयोगशाळांतून अक्षरशः आरपार गेला होता, हे त्या ओळीत येत नाही.

१९३० साली जर्मनीत बोथे आणि बेकर यांनी बेरिलियम या हलक्या धातूवर अल्फा कणांचा मारा केला, तेव्हा त्यातून विलक्षण भेदक किरण बाहेर पडले. जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसला इरेन क्यूरी व त्यांचे पती फ्रेडरिक जोलिओ यांनी ते किरण मेणावर सोडले. मेणातून प्रोटॉन वेगाने उसळले. पोलोनियमचा प्रबळ साठा त्यांच्यापाशी होता, हात कसलेले होते, नोंदीही अचूक होत्या. मात्र हे किरण गॅमा जातीचेच आहेत, असे त्यांनी गृहीत धरले. तसे असते तर त्यांची ऊर्जा सुमारे पाच कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असावी लागली असती आणि एवढी ऊर्जा त्या प्रक्रियेतून निघणे अशक्यच होते.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत हे वाचल्यावर रदरफोर्ड यांना ते पटेना. विद्युतभार नसलेला, प्रोटॉनएवढ्या वजनाचा कण असावा, असे भाकीत त्यांनी १९२० सालीच एका व्याख्यानात केले होते. त्यांचे शिष्य चॅडविक तेव्हापासून अधूनमधून त्या कणाच्या मागावर होते आणि दरवेळी रिक्त हस्ते परतत होते. हे चॅडविक म्हणजे पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या छावणीत अडकून पडले असता, त्या काळी बाजारात मिळणारी किरणोत्सर्गी टूथपेस्ट मिळवून प्रयोग करीत बसणारे गृहस्थ! पोलोनियमही त्यांना मिळाले ते अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका रुग्णालयाने वापरून झालेल्या रेडॉनच्या नळ्यांतून. काही आठवडे रात्रीचा दिवस करून त्यांनी हायड्रोजन, नायट्रोजन अशा निरनिराळ्या अणूंना बसणारे धक्के मोजले. हिशेब जुळला तो केवळ भाररहित, जड कणाशी. १७ फेब्रुवारी १९३२ रोजी त्यांनी ‘नेचर’ला पत्र धाडले.

याला दैवयोग म्हणणे अन्यायाचे होईल. पॅरिसच्या दांपत्याची योग्यताही वादातीत आहे; कृत्रिम किरणोत्सर्गाच्या शोधासाठी त्याच १९३५ साली रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. अंतर पडले ते एका कल्पनेचे. गुरूने मांडलेली ती कल्पना शिष्याने बारा वर्षे, पदरी काही पडत नसतानाही, मनात जागती ठेवली. त्या वर्षांचा वार्षिक अहवाल मागितला गेला असता, तर ‘निष्पत्ती’ या रकान्यात चॅडविक यांनी काय लिहिले असते? आपल्याकडे संशोधनाच्या अनुदानाची मुदत दोन-तीन वर्षांत मोजली जाते आणि विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या मुलाला घरचे पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा. अशा वातावरणात हुशार पदवीधर मिळतील. बारा वर्षे वाट पाहणारा माणूस मिळणे कठीण.

या देशात ती वाट पाहण्याची तयारी एकदा दिसली होती. न्यूट्रॉन सापडला त्या काळात होमी भाभा केंब्रिजमध्येच शिकत होते. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. अणुशक्ती प्रत्यक्ष वापरात येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. हिरोशिमा तेव्हा अद्याप घडले नव्हते आणि देशावर राज्यही इंग्रजांचेच होते. विश्वस्तांनी पैसे दिले, संस्था १९४५ साली सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत न्यूट्रॉनची शृंखला प्रथम स्वबळावर चालू लागली.