"दादा, डोळे आलेत, काहीतरी द्या"

डोळा लाल झाला की आपण डॉक्टरकडे नाही, मेडिकलमध्ये जातो. माझं त्याला काहीच म्हणणं नाही. साध्या लाल डोळ्यासाठी फार्मासिस्टचा सल्ला घेण्यात गैर ते काय? पण मंडळी, आपण सल्ला घेतो कुठे? "दादा, डोळे आलेत, लगेच बरं वाटेल असं काहीतरी द्या." दादा हात वर करून बाटली काढतात, आपण पैसे देतो. झालं!

'लगेच बरं वाटेल असं' म्हणजे पुष्कळदा अँटिबायोटिक अधिक डेक्सामेथासोन, म्हणजेच स्टेरॉइड. लाली झटकन उतरते म्हणून आपण खूश. पण लाली गेली म्हणजे आजार गेला असं नव्हे. बुबुळाला हर्पीसचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडने तो फोफावतो. आठवडेच्या आठवडे घालत राहिलं तर मोतीबिंदू होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही. आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. चिठ्ठीशिवाय विकू नये असं वेष्टनावर छापलेलं असतं. ते ना देणारा वाचतो, ना घेणारा.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती. ती विषाणूंची. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी बाटल्या खपल्याच.

खऱ्या फार्मासिस्टने आधी विचारायला हवं: नुसतं चुरचुरतंय की दुखतंय? उजेड सहन होतो का? अंधुक दिसतंय का? कॉन्टॅक्ट लेन्स लावता? डोळ्यात काही उडालं का? यातलं काही असेल तर त्याने औषध न देता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडावं. नसेल तर थंड पाण्याची पट्टी, वेगळा टॉवेल, हात धुणं, फार तर कृत्रिम अश्रूंचे थेंब. साथीचे डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात.

हे सांगायचं शिक्षण त्याने घेतलेलं असतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याने त्याची नोंदणी होते ती काय फक्त बाटल्या काढून द्यायला? पण अनेक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर आणि काउंटरवर भलताच पोरगा! तेव्हा सरळ विचारा, "फार्मासिस्ट कोण आहे?" नसेल तर पुढचं दुकान गाठा.

आणि समस्त आत्या-मावश्यांनो, गेल्या वर्षीची उरलेली बाटली फ्रिजमधून काढून शेजारच्या बाळाच्या डोळ्यात घालू नका. उघडलेली बाटली महिनाभरात टाकून द्यायची असते. राग आला तरी चालेल, पण आजच टाका!