उबेचा हक्क कागदावरच?

भाड्याच्या घराच्या छतात आणि जमिनीखाली, शक्य तेथे, उष्णतारोधक थर बसविणे न्यूझीलंडमध्ये १ जुलै २०१९ पासून घरमालकांवर बंधनकारक आहे. मुख्य बैठकीची खोली १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्याची सोय करण्याची मुदतही १ जुलै २०२५ रोजी संपली. मात्र मालकाने कुचराई केल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा भार बहुतांशी भाडेकरूवरच पडतो. त्यातच बेमुदत करार कारण न देता ९० दिवसांच्या नोटिशीने संपविण्याची मुभा ३० जानेवारी २०२५ पासून मालकांना पुन्हा मिळाली. सूडापोटी दिलेली नोटीस बेकायदा असली, तरी तो हेतू सिद्ध करणे सोपे नाही. त्यामुळे थंडी सोसावी की घर गमवावे, हा भाडेकरूंपुढील पेच कायद्यानंतरही कायम आहे.