हिराबाईंचे नाटक, आपली मंडई



भाऊबीज आली की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे, वेध लागतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो. दिवसा दंडार हे लोकनाट्य रंगते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. एकेकाळी इथे बाईचे सोंगही पुरुषच घ्यायचे. आज नट्यांच्या नावावर मंडप भरतो. पण लेखक म्हणून बाईचे नाव फलकावर क्वचितच दिसते. म्हणूनच यंदाचा दिवाळी अंक आम्ही नाटककार हिराबाई पेडणेकर यांना अर्पण केला आहे.

1885च्या सुमारास सावंतवाडीत, कलावंतिणीच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईत, गिरगावात मावशीने त्यांना वाढवले. भास्करबुवा बखल्यांकडे गाण्याची तालीम मिळाली. गाणे घराण्याने दिले. लिहिणे मात्र त्यांनी स्वतः निवडले. त्यांच्या कविता ‘मनोरंजन’ मासिकात येत. याच ‘मनोरंजन’ने 1909 साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. आपल्या विदर्भाचे नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना हिराबाई लेखनातले गुरू मानत. 1904 साली त्यांनी ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिले. पुढे त्यांचे ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्श या नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तेव्हा नायिकेचे कामही पुरुषच करत. बाईने लिहिलेले बाईचे मन लुगडे नेसलेल्या नटांच्या तोंडून प्रेक्षकांनी ऐकले.

त्या काळचे नामवंत लेखक हिराबाईंच्या बैठकीला येत. आजही हिराबाईंची आठवण निघते ती बहुधा घरी कोण यायचे, कोणाचा त्यांच्यावर जीव होता, यावरूनच. उत्तरायुष्य कोकणात पालशेतला गेले. 1951 साली तिथेच त्यांचे निधन झाले. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले. ते व्हायलाच हवे होते. पण हिराबाईंचा खरा मान राखायचा तर त्यांची स्वतःची नाटके उघडून वाचायला हवीत. बाईच्या दुःखाला आपण चटकन टाळ्या देतो; तिच्या लेखणीला दाद द्यायला मात्र हात आखडतो.

साकोली, लाखांदूर, पवनीच्या वाटेवर, गावोगावी वहीत कविता लिहिणाऱ्या मुली आहेत. त्यांनी नाटक लिहावे, आणि मंडळांनी ते मंडईत उभे करावे, हे आमचे कळकळीचे मागणे आहे. त्यांच्या लेखनासाठी या अंकाची पाने कायम राखून ठेवू.

 

– संपादक